धडा : तपासणी केंद्राचा दाखला गेला तर

घरात कागद किती आहेत, याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. सातबारा असतो, रेशनकार्ड असते, पोरांचे शाळेचे दाखले असतात, बँकेचे पासबुक असते. कोणता कागद कुठे ठेवला, हे घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असते, आणि नेमका तोच माणूस गावाला गेलेला असतो. मग पेटी उपडी होते, गाद्या उचलल्या जातात, एकमेकांवर राग निघतो.

काही कागद मात्र असे असतात की त्यांच्यावर घरची चूल चालते. धंद्याचा दाखला हा असा कागद आहे. या धड्यात आपण गाड्यांचा धूर तपासणाऱ्या केंद्राचा दाखला घेऊ. तुमचा धंदा निराळा असेल. खताचे दुकान असेल, औषधाचे असेल, मोटार शिकवण्याची शाळा असेल. दाखला देणारी कचेरी बदलेल, फी बदलेल. वाट बहुतेक हीच राहील.

धडा आपण कड्याचा घेऊ. कडा हे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले बाजाराचे गाव. नगरहून आष्टीकडे येणाऱ्या हमरस्त्यावर ते आहे. (नगर म्हणजे अहमदनगर. २०२४ सालापासून त्याचे सरकारी नाव अहिल्यानगर आहे. बोलण्यात अजून नगरच येते, म्हणून इथेही नगर लिहिले आहे.) कड्यात कांद्याचा मोठा बाजार भरतो. टेम्पो येतात, ट्रॅक्टर येतात, मालमोटारी येतात. ऊसतोडीचा हंगाम आला की तालुक्यातली माणसे संसार गाडीत भरून कारखान्यांकडे निघतात. २०२२ च्या सप्टेंबरात नगर ते नवीन आष्टी रेल्वे सुरू झाली, तिचे एक स्टेशन कडा आहे. रेल्वे आली तरी गाड्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्याच. गाड्या आल्या म्हणजे धूर आला.

धूर म्हटले की आपल्याला काळा धूर आठवतो. पण पेट्रोलच्या गाडीतून एक विषारी वायू निघतो, त्याला रंगही नाही आणि वासही नाही. त्याचे नाव कार्बन मोनॉक्साइड. तो श्वासाबरोबर आत गेला की रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो यंत्राने मोजावा लागतो. डिझेलच्या गाडीची तऱ्हा वेगळी. तिच्या धुरातून उजेड किती पलीकडे जातो, हे यंत्र पाहते. धूर जितका दाट, तितका उजेड कमी. विजेवर चालणाऱ्या गाडीला धुराची नळीच नाही, म्हणून तिला ही तपासणीही नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यांप्रमाणे नव्या गाडीला नोंदणीपासून पहिले एक वर्ष धुराचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यानंतर ते जवळ ठेवावेच लागते. जुन्या बनावटीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी, आणि भारत स्टेज चार किंवा सहा या बनावटीच्या गाडीला दर वर्षाने ते नवे काढावे लागते. लोक त्याला पीयूसी म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

आता नीट लक्ष द्या. इथे दोन कागद आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक कागद गाडीवाल्याचा, म्हणजे पीयूसीची चिठ्ठी. दुसरा कागद केंद्रवाल्याचा, म्हणजे तपासणी करण्याचे अधिकारपत्र. ते परिवहन खाते देते. गाडीवाल्याची चिठ्ठी हरवली तर फार अडचण नाही. तिची नोंद संगणकात असते, चिठ्ठी पुन्हा छापून मिळते. २०२१ पासून साऱ्या देशात तिचा नमुनाही एकच आहे. केंद्रवाल्याचा दाखला गेला तर मात्र असे बटण दाबून काम होत नाही. धडा आहे तो या दुसऱ्या कागदाचा.

आपण एक घर डोळ्यांपुढे आणू. समजा, कड्यात हमरस्त्याच्या कडेला एका तात्यांचे केंद्र आहे. पत्र्याची खोली, एक टेबल, संगणक, धूर मोजायचे यंत्र आणि नळी. यंत्र सूनबाई चालवते, ती आय.टी.आय. शिकली आहे. दाखला तात्यांच्या नावावर आहे. तात्या अलीकडे रात्रीच्या प्रौढ वर्गाला बसतात आणि जोडाक्षरांपर्यंत आले आहेत. भाद्रपदात एका रात्री पावसाने झोडपले. पत्रा गळाला. सकाळी पाहतात तो भिंतीवरच्या चौकटीत पाणी शिरलेले. शाई ओघळली होती, खालचा शिक्का निळा डाग होऊन बसला होता, एक कोपरा तर लगदाच झाला होता.

तात्या मटकन खाली बसले. म्हणाले, "पोरी, धंदा बसला गं आपला."

"तात्या, आधी चौकट खाली घेऊ. हळू. कागद ओढू नका, फाटंल."

"आता काय राहिलंय त्यात? टाक चुलीत."

"चुलीत न्हाई टाकायचा. जेवढा राहिलाय तेवढा आपला साक्षीदार हाय."

सूनबाईचे बरोबर होते. दाखला हरवणे आणि दाखला खराब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खराब झालेला कागद जवळ असेल तर तोच पुरावा. तो अर्जाबरोबर कचेरीत जमा करता येतो, आणि साहेबाला डोळ्यांनी दिसते की हा माणूस खरे बोलतो. तो टाकून दिला की खराब झालेला दाखला हरवलेला होऊन बसतो. मग पोलीस ठाणे आले, जबाब आला, जास्तीचा हेलपाटा आला. म्हणून भिजलेला कागद सावलीत, सपाट फळीवर वाळवावा. उन्हात धरू नये, शाई आणखी उडते. वाळवी लागली असेल तर झटकून, उरलेले तुकडे एका पाकिटात ठेवावेत.

आणखी एक गोष्ट. पुसट झालेले अक्षर पेनाने गिरवू नका. कोणाला वाटते, नुसता आकडा तर ठळक करायचा, त्यात काय बिघडले? पण सरकारी कागदावर आपल्या हाताने काही उमटवले, विशेषतः मुदतीची तारीख, की तो कागद संशयाचा होतो. आणि मुद्दाम तारीख बदलली तर तो बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेत त्याला कैद सांगितली आहे. पावसाने बिघडवलेला कागद माफ होतो, पेनाने बिघडवलेला होत नाही.

सूनबाईने वही काढली आणि विचारले, "तात्या, दाखल्याचा नंबर काय व्हता?"

तात्या गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "रोज उदबत्ती लावली गं त्याला. पर वाचला न्हाई कधी."

असे पुष्कळ घरांत होते. दाखला देवासारखा भिंतीवर असतो, पण त्यावर काय लिहिले आहे ते कोणी पाहत नाही. दाखल्यावर साधारण इतक्या गोष्टी असतात. देणाऱ्या कचेरीचे नाव. दाखल्याचा क्रमांक. केंद्र कोणाच्या नावावर आहे ते. केंद्राची जागा. कोणत्या गाड्या तपासायची मुभा आहे, पेट्रोलच्या, डिझेलच्या की दोन्ही. दिल्याची तारीख. मुदत संपण्याची तारीख. सही आणि शिक्का. खाली किंवा मागे अटी असतात. अटींची अक्षरे मुंगीएवढी असतात, म्हणून त्या सोडून द्यायच्या असे नाही. दाखला गेला तर काय करावे, हे पुष्कळदा त्या मुंग्यांतच लिहिलेले असते.

क्रमांक आठवत नसेल तर तो शोधायच्या जागा आहेत. पहिल्या वेळी फी भरली त्याची पावती. कचेरीकडून आलेले एखादे पत्र. बँकेच्या कर्जासाठी दिलेली झेरॉक्स; बँकेच्या फायलीत ती पडून असते. गिऱ्हाइकाला रोज जी चिठ्ठी आपण देतो, तिच्यावरही केंद्राचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. तो आणि दाखल्याचा क्रमांक एकच असेल असे नाही, पण त्यावरून कचेरीतल्या माणसाला आपले केंद्र सापडते. तात्यांच्या घरी ट्रंकेत फीची पावती निघाली. तिच्यावरचे आकडे तात्यांनी स्वतः वाचले, बोट ठेवून, एकेक.

इथे एक गैरसमज दूर करू. दाखला भिजला म्हणून केंद्र चालवण्याचा हक्क भिजत नाही. हक्काची नोंद कचेरीच्या दप्तरात असते. आपल्या भिंतीवर असतो तो त्या नोंदीचा पुरावा. पुरावा गेला तर तो पुन्हा मागता येतो. पण पुरावा नसताना कोणी तपासायला आले, तर नोंद शंभर किलोमीटरवर आणि साहेब दारात, अशी गत होते. म्हणून उशीर करू नये.

कोणत्या कचेरीत जायचे, यावर तात्यांच्या केंद्रापुढे चांगलीच चर्चा झाली. शेजारचा टायरवाला म्हणाला, "तात्या, बीडला कशाला मरायला जाता? नगर जवळ हाय. सकाळी गेलं की दुपारी घरी."

नगर जवळ आहे, ही गोष्ट खरी. कड्याचा बाजारहाट, दवाखाना, कॉलेज सगळे नगरकडे. पण कडा बीड जिल्ह्यात आहे. इथल्या गाड्यांवर एम.एच. २३ लिहितात, ते बीडचे. नगरच्या गाड्यांवर एम.एच. १६ असते. ज्या कचेरीने मूळ दाखला दिला, तिच्याच दप्तरात त्याची नोंद, आणि तीच कचेरी दुसरी प्रत देणार. नगरच्या कचेरीने कितीही आपुलकी दाखवली तरी तिच्या दप्तरात तात्यांचे पान नाही. दोन जिल्ह्यांच्या शिवेवर राहणाऱ्या माणसाला हे नेहमी ध्यानात ठेवावे लागते. पोट एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे. बरे एवढेच की २०२५ च्या सप्टेंबरात रेल्वे बीडपर्यंत गेली. कड्याहून बीडला आता गाडीने जाता येते. वेळापत्रक आधी पाहावे, आणि सुट्टीचा दिवस नाही ना, तेही पाहावे.

जाण्याआधी, दाखला हरवला असेल तर पोलीस ठाण्यात खबर द्यावी लागते. जिथे हरवला त्या हद्दीचे ठाणे धरायचे. आगगाडीत पिशवी राहिली असेल तर रेल्वेचे वेगळे पोलीस असतात, त्यांना लोहमार्ग पोलीस म्हणतात. कुठे हरवला हेच माहीत नसेल तर जिथे लक्षात आले तिथले ठाणे. काय हरवले, त्याचा क्रमांक, केव्हा लक्षात आले, इतके सांगायचे आणि खबर दिल्याचा कागद मागून घ्यायचा. चोरी झाली असेल तर मात्र "हरवला" असे लिहू नका. कुलूप तोडून कपाटातले कागद नेले, तर ती चोरी. तिची फिर्याद नोंदवायची. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तसे लिहिले आहे, आणि ती २०२४ च्या १ जुलैपासून लागू आहे. ठाण्यातला शिपाई म्हणाला, "हरवला लिहा, सोपं जाईल," तरी खरे तेच लिहावे. उद्या चोराने त्या दाखल्याचा वाईट उपयोग केला, तर आपली फिर्याद आपल्याला वाचवते.

तात्यांचा दाखला भिजला होता, हरवला नव्हता. त्यांना ठाण्याची गरज पडली नाही. चुलीत टाकला असता तर पडली असती.

आता अर्ज. अर्ज लांबलचक नसावा. पूर्वी लोक अर्जात "गरिबावर दया व्हावी" वगैरे लिहीत. त्याची गरज नाही. आपण भीक मागत नाही, आपल्या नोंदीची प्रत मागतो. सूनबाईने लिहिलेला आणि तात्यांनी सही केलेला अर्ज असा होता :

प्रति,
मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, बीड.

विषय : पीयूसी केंद्राच्या अधिकारपत्राची दुय्यम प्रत मिळण्याबाबत.

महोदय,

माझे कडा, तालुका आष्टी येथे गाड्यांच्या धुराची तपासणी करण्याचे केंद्र आहे. आपल्या कार्यालयाने मला दिलेल्या अधिकारपत्राचा क्रमांक ............, दिनांक ............ असा आहे. त्याची मुदत दिनांक ............ पर्यंत आहे.

दिनांक ............ रोजी रात्री पावसाचे पाणी शिरून सदर अधिकारपत्र खराब झाले. त्यावरील मजकूर व शिक्का वाचता येत नाही. खराब झालेले मूळ अधिकारपत्र सोबत जमा करीत आहे. तरी मला त्याची दुय्यम प्रत मिळावी. नियमाप्रमाणे असलेली फी भरण्यास मी तयार आहे.

दुय्यम प्रत मिळेपर्यंत केंद्राचे काम चालू ठेवावे किंवा कसे, हे लेखी कळवावे, ही विनंती.

सोबत : १. खराब झालेले मूळ अधिकारपत्र. २. पूर्वी भरलेल्या फीच्या पावतीची प्रत. ३. ओळखपत्राची प्रत.

आपला विश्वासू,
(सही)

दाखला हरवला असेल तर "खराब झाले" च्या जागी "गहाळ झाले" लिहायचे आणि मूळ दाखल्याच्या जागी पोलिसांकडचा कागद जोडायचा. कचेरीने प्रतिज्ञापत्र मागितले तर तेही द्यायचे. प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर लिहून दिलेली हकिकत. त्यातले प्रत्येक वाक्य वाचल्याशिवाय सही करू नये, कारण खोट्या शपथेला शिक्षा आहे. टाइप करणाऱ्याजवळ छापील नमुना तयार असतो. त्यात "प्रवासात गहाळ झाले" असे आधीच लिहिलेले असते, आणि आपला दाखला तर भिंतीवर भिजलेला. तो मजकूर बदलून घ्यावा. टाइप करणारा कुरकुर करील. करू द्यावी. झेरॉक्स प्रतीवर मात्र आता कोणा मोठ्या माणसाची सही लागतेच असे नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून पुष्कळ कामांना आपणच सही केलेली प्रत चालते. तिला स्वयंसाक्षांकित प्रत म्हणतात.

अर्जात शेवटी जो प्रश्न विचारला आहे, त्याकडे पुन्हा पाहा : प्रत मिळेपर्यंत काम चालू ठेवावे की नाही? पुष्कळ लोक हा प्रश्न विचारतच नाहीत. ते म्हणतात, विचारले तर नाही म्हणतील. माझे मत उलट आहे. गाडीवाला शंभर-दोनशे रुपयांचे काम समजून आपल्या दारात येतो, पण त्याच्या मागे केवढी जोखीम आहे! धुराचा नियम मोडला तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीने तो इतका वाढला. आपली चिठ्ठी खरी आहे या भरवशावर तो मालमोटार घेऊन दूर जातो. तेव्हा आपल्या अधिकाराबद्दल कोणाच्या मनात किंतु राहू नये. कचेरीने लेखी उत्तर दिले की आपणही मोकळे, गिऱ्हाईकही मोकळे. अर्जाची पोच म्हणजे दाखला नव्हे. पोच फक्त एवढेच सांगते की अर्ज आला.

तरीही पोच घ्यायचीच. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. "ठेवा तिथं, बघतो" असे कोणी म्हणाले तर, "साहेब, आवक क्रमांक द्या, तोवर थांबतो," असे शांतपणे म्हणावे. फी किती ते कचेरीतल्या फलकावर किंवा खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. फी अधूनमधून बदलते, म्हणून इथे आकडा लिहिलेला नाही. जी भरली तिची पावती घ्यावी. बाहेर झाडाखाली जी माणसे फायली घेऊन उभी असतात, त्यांतला एखादा "दोन हजारांत उद्या हातात" म्हणेल. अर्ज लिहून दिल्याबद्दल लिहिणावळ द्यायला हरकत नाही. पण ज्या पैशाची पावती नाही तो पैसा फी नव्हे.

कचेरीने उशीर केला तर? महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा झाला. ज्या सेवा खात्याने त्याखाली जाहीर केल्या आहेत, त्या किती दिवसांत द्यायच्या हे फलकावर लावावे लागते. दिवस उलटले तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. आपली सेवा त्या यादीत आहे का, ते फलकावर वाचावे. वाचायला शिकलो ते याच्यासाठीच. आणि माहितीचा अधिकार २००५ पासून आहेच. दहा रुपयांच्या फीत अर्ज देऊन आपल्याच फायलीतल्या कागदांच्या साक्षांकित प्रती मागता येतात. ज्याच्याजवळ दाखल्याचा क्रमांक नाही, पावती नाही, काहीच नाही, त्याला हा रस्ता फार उपयोगी पडतो. उत्तराला साधारणपणे तीस दिवसांची मुदत आहे.

दुय्यम प्रत मिळाली की तिच्यावर "दुय्यम" किंवा "डुप्लिकेट" असा शेरा असतो. तो पाहून लाजायचे कारण नाही. बाजारात डुप्लिकेट म्हणजे नकली, कचेरीत डुप्लिकेट म्हणजे दुसरी खरी प्रत. एकच शब्द, पण दारापुढे एक अर्थ आणि टेबलावर दुसरा. गिऱ्हाइकाने विचारले तर त्याला असेच सांगावे. त्या शेऱ्याचा उपयोगही आहे. एकाच केंद्राचे दोन मूळ दाखले दोन गावांत टांगले जाऊ नयेत म्हणून तो शेरा.

म्हणूनच, हरवलेला दाखला नंतर सापडला तर तो कचेरीत परत द्यायचा. गाडी चालण्यालायक आहे की नाही हे तपासणारी जी अधिकृत केंद्रे असतात, त्यांच्या अधिकारपत्राबद्दल केंद्रीय नियमांत असेच सांगितले आहे. गेल्याचे कळवा, नकलेसाठी अर्ज करा, फी भरा, आणि मूळ सापडले तर परत करा. गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकाचेही, म्हणजे आर.सी.चेही, जवळजवळ तसेच. ते हरवले तर पोलिसांना खबर आणि नमुना २६ मध्ये अर्ज. नियम करणाऱ्याने एकदा रीत बसवली आणि सगळीकडे थोडाफार फरक करून वापरली. एक शिकलात की बाकीचे पुष्कळ आले.

दुय्यम प्रतीने दोन कामे होत नाहीत, ती समजून घ्या. पहिले, मुदत वाढत नाही. मूळ दाखला जितक्या तारखेपर्यंत, दुय्यम प्रतही तितक्याच तारखेपर्यंत. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज निराळा करावा लागतो. नाहीतर नक्कल हातात येते आणि आठ दिवसांत निकामी होते. दुसरे, नाव बदलत नाही. समजा, दाखला वडिलांच्या नावावर होता, वडील वारले, आणि नंतर दाखला सापडेना. मुलाने "दाखला हरवला" असा अर्ज वडिलांच्या नावाने करून चालणार नाही. वारलेल्या माणसाची सही कोण करणार? तिथे वारसाने खरी हकिकत सांगून आपल्या नावाचे काय ते विचारावे. हा प्रश्न तात्यांच्या घरातही निघाला.

तात्या म्हणाले, "पोरी, यंत्र तू चालवतीस, अर्ज तू लिहितीस. दाखला माझ्या नावानं कशाला?"

सूनबाई हसली. म्हणाली, "आता भिजलेला तुमच्या नावानंच परत घेऊ. मुदत सरायच्या आधी दोघं बीडला जाऊ आणि नाव कसं लागतंय ते इचारू."

तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी पत्र्याला डांबर लावायला माणूस बोलावला, हेही नमूद करायला हवे. नवी प्रत पुन्हा त्याच गळक्या भिंतीवर लावून उपयोग काय? दाखला दिसेल अशा जागी लावावा लागतो, पण बाहेरच्या भिंतीला ओल येते, आतल्या भिंतीला येत नाही. चौकटीच्या मागे फळी असावी, कागद थेट भिंतीला टेकू नये. प्लास्टिकमध्ये पक्का बंद करण्याचा मोह टाळावा. उद्या कचेरीला शिक्का तपासायचा झाला तर प्लास्टिक काढताना कागद सोलून निघतो. दोन झेरॉक्स काढून एक घरी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. मोबाइलमध्ये फोटो काढावा, पुढचा आणि मागचा. फोटो म्हणजे दाखला नव्हे, पण क्रमांक शोधायला तो पुरतो.

तात्यांनी प्रौढ वर्गाच्या वहीत दाखल्याचा क्रमांक, दिल्याची तारीख आणि मुदतीची तारीख स्वतःच्या हाताने उतरवली. पाच ओळींना अर्धा तास लागला. "अधिकारपत्र" हा शब्द त्यांनी दोनदा खोडला. तिसऱ्यांदा बरोबर आला.

अभ्यास

१. दाखला हरवला आणि दाखला खराब झाला, या दोन वेळी करायच्या गोष्टींत काय फरक आहे?

२. कड्याला नगर जवळ असून तात्या बीडला का गेले?

३. "पोच" आणि "पावती" या दोन शब्दांचे अर्थ सांगा. कोणती कशाबद्दल मिळते?

४. वरच्या अर्जात मोकळ्या जागा आहेत. तुमचा दाखला गहाळ झाला असे समजून तो अर्ज पुन्हा लिहा. पोलिसांकडचा कागद "सोबत" या शब्दापुढे लिहायला विसरू नका.

५. घरातला कोणताही एक दाखला काढा. देणाऱ्या कचेरीचे नाव, क्रमांक, कोणाच्या नावावर आहे ते, दिल्याची तारीख आणि मुदतीची तारीख वहीत उतरवा. मुदत नसेल तर "मुदत नाही" असे लिहा. जे शब्द वाचता आले नाहीत त्यांच्यापुढे फुली करा आणि वही उद्या वर्गात आणा. मूळ दाखला आणू नका.